पक्क्या रंगाचं पाणी

रंगीत साडी उलटी करून सावलीत वाळवावी, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आमच्या मालवणच्या उन्हात तर दोरीवर राहिलेला लाल परकर बघता बघता गुलाबी होतो. पण हेच रंग खाणारं ऊन कामाला लावता आलं तर?

काम कुठलं, ते सांगते. नवी साडी मिठाच्या पाण्यात बुडवली की बादलीभर रंग सुटतो. तो न्हाणीतून वाहून जातो, आपण विसरतो. पण जिथे ठाणच्या ठाण रंगतात तिथलं काय? घाट चढून गेलं की इचलकरंजी. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि गावाची वस्त्रनगरी झाली. गाव पंचगंगेच्या काठी. हीच नदी पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. आपल्यापैकी कितीजणी तिथे दर्शनाला जातात, संगमाचं पाणी डोळ्यांना लावतात! पंचगंगेच्या प्रदूषणाची ओरड जुनीच आहे. तीत गावोगावच्या सांडपाण्याबरोबर कापड उद्योगाच्या पाण्याचंही नाव येतं. आपल्याला हवा असतो पक्का रंग. तो पाण्यातही पक्काच राहतो.

भिंतीच्या पांढऱ्या रंगात टिटॅनियम डायॉक्साइड नावाची पूड असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही टिटॅनियम आहे. 1972 साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की या ऑक्साइडवर प्रकाश पाडला तर पाण्याचंसुद्धा विघटन होतं. पुढे कळलं, की रंगाचे कणही असेच तुटतात. अडचण एवढीच, की तिला अतिनील किरण लागतात, आणि उन्हात ते शंभरात जेमतेम चार-पाच हिस्से. बाकीच्या प्रकाशाला तो उंबरठा उंच पडतो. म्हणून पूड करतानाच तिच्यात नायट्रोजनसारखं दुसरं मूलद्रव्य किंचित मिसळतात. जणू उंबरठ्याशी एक पायरी ठेवली. मग साधा प्रकाशही चढून येतो. पूड अतिशय बारीक करतात, कारण अख्ख्या धन्यांपेक्षा धनेपूड जास्त उतरते, तसंच हे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही अशा ऑक्साइडांवर संशोधन झालं आहे.

मात्र पाणी निवळलं म्हणजे शुद्ध झालं, असं समजू नका हं. रंग अर्धवट तुटला तर तुकडे दिसत नाहीत, पण पाण्यात असतातच. शिवाय ही पूड वस्त्रगाळ पिठाहूनही कितीतरी बारीक. ती पाण्यातून परत काढणं जिकिरीचं, म्हणून काचेवर तिचा थर बसवूनही प्रयोग करतात. प्रयोगशाळेतल्या पेल्यात जे साधतं, ते कारखान्याच्या हौदात साधणं सोपं नाही.

तेव्हा शास्त्रज्ञ हे सोडवतील म्हणून आपण स्वस्थ बसायचं का? दुकानात आपण हमखास विचारतो, "रंग पक्का आहे ना?" त्याच्या जोडीला आणखी एक विचारूया, "या रंगाचं पाणी कुठे सोडतात हो?" दुकानदाराला उत्तर येणार नाही. पण दहाजणींनी विचारलं, तर तो माल देणाऱ्याला विचारील. तेवढं तरी आपल्या हातात आहे.