मळवलीला उतरायचं

शनिवार-रविवारी पुण्याहून सुटणारी लोणावळा लोकल भरून वाहते आणि बहुतेकांची वाट टायगर पॉइंट किंवा चिक्कीच्या दुकानाकडे जाते. मी मात्र आधीच्याच मळवली स्टेशनवर उतरतो. रुळांच्या एका अंगाला भाजे, लोहगड, विसापूर. दुसऱ्या अंगाला, महामार्गापलीकडे, कार्ल्याचा डोंगर.

कार्ल्याच्या पायऱ्यांवर नारळ-ओटीची दुकानं आणि एकवीरेच्या दर्शनाला निघालेली कोळी कुटुंबं असतात. देवळाला लागूनच चैत्यगृह आहे. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते: छताला सुमारे 2,000 वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठींनी हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं कोरून ठेवलं. बढाई वाटत नाही. खांबांवरच्या लेखांत दाते म्हणून धेनुकाकटचे यवन भेटतात. त्यांतल्या एकाचं नाव सिहधय. यवन म्हणजे त्या काळी मुख्यतः ग्रीक. भूमध्य समुद्राकडून आलेली किंवा त्यांच्या वंशातली माणसं इथली नावं घेऊन बौद्ध संघाला खांब देत होती, हे मावळच्या डोंगरात उभं राहून वाचताना अंगावर काटा येतो. हे धेनुकाकट नेमकं कुठलं, यावर वाद आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ते कार्ल्याच्या पायथ्याशीच शोधलं. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून घाट चढून येणारा व्यापार याच खोऱ्यातून जायचा, म्हणून लेणीही इथेच.

भाजे त्याहून जुनं, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातलं. खांब आत कललेले, लाकडी घराच्या सवयीने कोरलेले. लेण्यांखाली गाव, आणि खाचरांत भात. घमघमणारा इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला. नाव इथल्याच नदीचं.

वर लोहगड. 1665 च्या पुरंदर तहात मोगलांना गेलेला, 1670 मध्ये परत घेतलेला. जुलै 2025 मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला. त्याचा आनंद आहेच, पण गर्दीने गडाच्या विंचूकाटा माचीवर प्लास्टिक टाकू नये, एवढं तरी सांभाळायला हवं.

या खोऱ्यातली आणखी लेणी बेडश्याची, कामशेतच्या बाजूला, करुंज गावावरून. दोन कातळांमधल्या अरुंद फटीतून आत गेलं की घोडे-हत्तींवर बसलेली जोडपी मिरवणारे उंच खांब एकदम समोर येतात. ही लेणी पूर्वाभिमुख, तेव्हा ती सकाळी गाठावीत. कार्ला-भाज्याची तोंडं पश्चिमेला, तिथलं कोरीवकाम दुपारनंतरच्या उन्हात उजळतं.