कडेच्या बिंदूवरचा १

२०२३चे गॉर्डन बेल पारितोषिक मिळवणाऱ्या चमूत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे फणी मोटामर्री होते. फायनाइट एलिमेंट पद्धतीवरील ‘डीएफटी-एफई’ने फ्रंटियर महासंगणकावर ६ लाखांहून अधिक इलेक्ट्रॉनांचे गणित हाताळले. बातम्यांत वेग गाजला. अशा गणितांतील कडांचे दुखणे, साहजिकच, मागे राहिले.

क्षेत्राचे बारीक घटक अनेक प्रोसेसरांत वाटले जातात आणि सर्वांची मिळून एक महाकाय मॅट्रिक्स बनते. कडेच्या बिंदूचे मूल्य ज्ञात असेल, तर त्याची ओळ पुसून कर्णावर १ लिहायचा. मात्र सममिती राखायची तर स्तंभही पुसावा लागतो, त्यातील ज्ञात वाटा उजव्या बाजूस न्यावा लागतो. आणि त्या स्तंभाची काही पदे शेजारच्या प्रोसेसरकडे असतात. सामाईक बिंदूवर दोघांनीही १ लिहिला, तर बेरीज २ होते. उजवीकडे मूल्य एकानेच मांडले असेल, तर उत्तर निम्मे येते. प्रोग्राम मात्र बिनतक्रार संपतो! म्हणून जाणकार ही अट जोडणीपूर्वीच, प्रत्येक घटकाच्या इवल्या मॅट्रिक्सवर लावतात. तेथे सारी पदे हाताशी असतात. पुढे कर्णावर कितीदाही भर पडली, तरी उजवी बाजू त्याच प्रमाणात वाढते.