खाडीवरचे गुलाबी पाहुणे

बाबांची बदली झाली अन् तुम्ही ठाण्याला किंवा नवी मुंबईला राहायला आलात? जुने मित्र दुरावले, करमत नाही ना? मग एखाद्या रविवारी, ओहोटीची वेळ बघून, आईबाबांबरोबर ठाणे खाडीच्या काठी जा. चिखल उघडा पडला, की रोहित पक्षी चरायला उतरतात. वाकडी चोच उलटी बुडवून ते पाणी गाळतात अन् शेवाळ, बारीकसारीक जीव खातात. त्यांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो, बरं का! साधारण नोव्हेंबर ते मे त्यांचा मुक्काम असतो. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग अभयारण्य झाला. पण चिखलात प्लॅस्टिक साचलं, तर पाहुण्यांनी खायचं काय? म्हणून काठावर कचरा टाकू नका. अन् हो, वहीत तारीख घालून ‘रोहित’ लिहा. नव्या गावातली पहिली ओळख झाली की!