वाकळ, दोघींची

चैत्र. दुपारी दोनला ती आली, सोबत जुनेरांचं बोचकं. माझं बोचकं आधीच सोडून ठेवलं होतं. मी वाकळ म्हणते, ती गोधडी म्हणते, तिची सोलापूरकडची जाऊ कौदी म्हणते. खेड्यात हे काम याच दिवसांत निघायचं. सुगी उरकलेली, पाऊस लांब, आणि बायकांच्या हाताला जरा उसंत.

*

बोचक्यात निघालं ते: माझ्या आईचं हिरवं लुगडं, तिच्या आजीचं इरकल, दोन सुती पातळं, तिच्या वडिलांची दोन धोतरं, खणाचे तुकडे. एक टेरिकॉटची साडीही होती. रंग सुरेख, पण बाजूला ठेवली. ती घाम फारसा शोषत नाही, सुईखाली सरकते आणि सुती कापडाशी तिचं कधी जमत नाही. अंगाला लागायचं ते सुतीच हवं, यावर दोघींचं एकमत.

*

लुगडं नऊ वार, म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. सहा फुटांचे चार थर निघून वर थोडं उरायला हवं. तसं कधी निघत नाही. आईचं लुगडं उन्हात धरलं तर ते कसं नेसलं गेलं ते सगळं दिसलं. कासोट्याची जागा इतकी विरलेली की पलीकडचा तुळशीकट्टा दिसत होता. कमरेला खोचायच्या जागी कापड घासून पांढरं पडलेलं. एका निरीला निखाऱ्याचं भोक, कडेनं काळं. पदर मात्र जवळजवळ कोरा. विरलेला भाग मधल्या थरात गेला, पदर आणि काठ वर घेतले.

भोकाचा तुकडा मी बाजूला टाकत होते. ती म्हणाली, "अगं, तो वर घे. ठिगळ मी लावते." खणाचा रुपयाएवढा गोल कापून तिनं त्यावर बसवला. आता सबंध वाकळीत नजर आधी तिथं जाते.

*

एक तुकडा तिनं दिला नाही. लहान, निळ्या चौकड्यांचा, परकराचा असावा. हातात घेतला, घडी केली, परत पिशवीत घातला. मी विचारलं नाही. दोघींनी मिळून करायचं म्हणजे सगळंच द्यायचं, असं नाही.

*

जमीन पुसून आधी अस्तर अंथरलं, त्यावर थर. चारी कोपऱ्यांना वजनं: वरवंटा, दोन विटा, तांब्या. हातानं मधून कडेकडे सुरकुत्या काढत गेलो. मग कच्चा धावदोरा घालून सगळं टाचून घेतलं. इथं घाई केली तर पुढं महिनाभर भोगावं लागतं. पक्का दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, म्हणजे गुंता होत नाही. अंगुस्तान तिला लागतं. मला ते घातलं की बोट परकं वाटतं.

*

हिशेब केला, कारण तिला हिशेब आवडतो. वाकळ सहा फूट बाय चार फूट. टाक्यांच्या ओळी कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन अशा मधे न्यायच्या, दोन ओळींत अर्धा इंच. म्हणजे ४८ फेऱ्या. पहिली फेरी वीस फुटांची, पुढची प्रत्येक आधीच्या फेरीहून चार इंचांनी लहान. एकूण धावदोरा पावणेदोनशे मीटरच्या आसपास. इंचाला चार टाके धरले तर २७-२८ हजार टाके. ती म्हणाली, "निम्मे तुझे, निम्मे माझे." तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

*

सिद्दी बायकांच्या कौदीविषयी मागे वाचलं होतं, ते तिला सांगितलं. उत्तर कन्नडात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडकडे हे लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्याही बायका कडेनं शिवत मधे जातात. चारी कोपऱ्यांना घड्या घातलेले तिकोनी तुकडे बसवतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसेल तर कौदी उघडी, असं त्या मानतात. ऐकल्याबरोबर तिनं खणाचे चार तुकडे वेगळे काढले.

*

सातवी फेरी. आता हे लिहायलाच हवं.

मी दाराच्या बाजूला बसते, ती खिडकीच्या. माझा हात घट्ट. टाका घेतला की दोरा खेचल्याशिवाय राहवत नाही. तिचा हात सैल, टाका लांब. माझ्या बाजूला कापड आक्रसत चाललं, तिच्या बाजूला फुगत चाललं. कडेनं मधे जाताना सैल कापड पुढं पुढं ढकललं जातं आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तो कशानंच बसत नाही.

रात्री मी तिच्या दोन ओळी उसवल्या. माझ्या हातानं पुन्हा घातल्या.

दुसऱ्या दिवशी ती बसली आणि तिचं बोट तिथं थांबलं. जुन्या सुती कापडात उसवलेल्या टाक्याची भोकं राहतात. नखानं घासली, पाण्याचं बोट फिरवलं तरी पुरती मिटत नाहीत. ते मी रात्रीच करून पाहिलं होतं. ती म्हणाली, "माझा टाका उसवलास?" एवढंच. त्या दुपारी आम्ही चहा केला नाही.

वाकळ नीट बसावी म्हणून केलं, हे खरं आहे. पण टाका हे माणसाचं अक्षर असतं. तिची चिठ्ठी मी माझ्या अक्षरात उतरवून मूळ फाडून टाकली, असं झालं. मी तसं तिला म्हटलं, माफी मागितली. माझ्या त्या दोन ओळी उसवून तिच्या तिला घालायला दिल्या. तिनं त्या पूर्वीइतक्याच लांब टाक्यांनी घातल्या. मला बरं वाटलं.

*

उपाय तिनंच काढला. प्रत्येक फेरीनंतर जागा बदलायची. दारातली खिडकीत, खिडकीतली दारात. माझ्या घट्ट ओळीशेजारी तिची सैल ओळ, तिच्याशेजारी माझी. कापडाला दोन्हीकडून सारखंच मिळतं. दहाएक फेऱ्यांत फुगा उतरू लागला. हात फिरवला की बोटांना कळतं: एक ओळ दबलेली, एक उचललेली. शेतातल्या सऱ्या-वरंब्यांसारखं.

*

गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत, चिंधेबुवाही म्हणत. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा. ती म्हणाली, त्यांना चिंधी देणाऱ्या बायकांचा विचार कुणी करत नाही. मी आता करते आहे.

*

विसाव्या फेरीला तिचा अंगठा दुखू लागला. चार दिवस सुट्टी. त्या दिवसांत मी एकही टाका घातला नाही. वाकळ भिंतीशी गुंडाळून ठेवली होती, तिच्या ओळीत सुई तशीच खोचलेली.

*

पाहुण्या आलेल्या बाई म्हणाल्या, मशीनवर एका दिवसात होईल की. होईल. मशीनची वाकळ टिकतेही. पण हे सगळे थर सुईखाली घेताना ते सरकलेत का, कुठं विरलंय, कुठं जोर लावायचा आणि कुठं सोडायचा, हे बोटाला कळतं. आणि मशीनपुढं दोघी समोरासमोर बसू शकत नाहीत.

*

वैशाख सरत आला. मधे दोन फूट बाय चार बोटांची पट्टी उरली आहे. आमची डोकी आता एकमेकींना लागतात. तिचे केस चष्म्याच्या काडीत अडकतात, ते मी सोडवते.

*

शेवटची फेरी. दोघींचे हात एकदम मावेनात. मी कापड ताणून धरलं, तिनं टाके घातले. तिच्या आत्याकडे गोधडीला घास भरवायची रीत होती: मधोमध एक चौकोनी ठिगळ, त्याखाली भाकरीचा कोरडा कण, म्हणजे गोधडीचं पोट भरलेलं राहतं. मी सकाळची ज्वारीची भाकरी आणली. कण मी ठेवला, ठिगळ तिनं पिशवीतून काढलं. निळ्या चौकड्यांचं.

तीन बाजू तिनं शिवल्या, चौथी मला दिली.

*

पावसाळाभर वाकळ माझ्याकडे, थंडीत तिच्याकडे. पहिलं धुणं दसऱ्याचं, तिच्या विहिरीवर. भिजल्यावर ती एकटीला उचलायची नाही.