उतरंडीची मर्यादा

जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरंड असे. मोठे मडके तळाशी, त्यावर त्याहून लहान, अशी ती चढत जाई. तळच्या मडक्यातले काही हवे असेल तर वरची सारी उतरवावी लागत. जे शेवटी ठेवले तेच आधी निघे. पुढे संगणकाच्या व्यवसायात आल्यावर ‘स्टॅक’ म्हणजे काय, हे आम्हांला निराळे समजावून घ्यावे लागले नाही. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्याला. प्रत्येक जण टोकाशी आपल्यापुरती जागा घेतो आणि काम संपताच सोडतो. फरक इतकाच, की बहुतेक यंत्रांत ही उतरंड वरून खाली वाढते.

लिनक्समध्ये साध्या प्रोग्रामच्या उतरंडीला बहुधा ८ मेगाबाइटपर्यंत वाढण्याची मुभा असते. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, याबाबत फार काटकसरी. त्याच्या ३२-बिट इंटेल यंत्रांवरील आवृत्तीत प्रत्येक कामाच्या वाट्याला अवघे ८ किलोबाइट येत. कारण उघड आहे : दर कामाला स्वतंत्र उतरंड लागते आणि ते काम जिवंत असेपर्यंत ती जागा अडून राहते. दहा हजार कामे असली तर सुमारे ८० मेगाबाइट त्यातच गेले. २००४ साली तर ४ किलोबाइटचाही पर्याय आला होता. पण फाइलींच्या व्यवस्थेतील बोलावण्यांची लांब साखळी त्यात मावेना, आणि काही वर्षांनी तो मागे घेतला गेला.

या मर्यादेची खरी ओळख आम्हांला २००६च्या सुमारास झाली. आम्ही ज्या लहानशा कार्यालयात होतो, तेथील एका ग्राहकाचे यंत्र चार-पाच दिवसांनी अवचित बंद पडे. नोंदींत दर वेळी डिस्कचा भाग सांभाळणाऱ्या सहकाऱ्याच्या कोडचे नाव निघे. गृहस्थ अबोल, बैठकीत सर्वांनी त्यांच्याकडे बोट दाखवले, ते खाली मान घालून ऐकत राहिले. आम्ही दोघा-तिघांनी मग प्रत्येक फंक्शन किती जागा घेते याची मोजदाद केली. नेटवर्कच्या भागात कोणीतरी ३ किलोबाइटचा ॲरे थेट उतरंडीवर मांडून ठेवला होता. साखळी एरवीपेक्षा खोल गेली, की उतरंड आपली हद्द ओलांडून शेजारच्या मेमरीत उतरे, आणि तेथे डिस्कच्या कामाचा हिशेब असे. आगळीक एकाची, जखम दुसऱ्याच्या अंगावर. तो ॲरे उतरंडीवरून काढला, त्याची जागा गरजेपुरती मागून घेऊन लगेच परत करण्याची सोय केली, आणि यंत्र सुरळीत चालू लागले. बैठकीत जे बोलले गेले होते, ते मात्र कोणी परत घेतले नाही.

२०१४ साली ६४-बिट यंत्रांवर ही जागा ८ची १६ किलोबाइट झाली, तेव्हा आमच्यातील जुनी मंडळी कुरकुरली, की आता शिस्त सैल होणार. आम्हांला तसे वाटले नाही. बिऱ्हाड वाढले तर खोली वाढवावी लागतेच. आम्हांला अधिक मोल वाटले ते २०१६च्या अखेरीस आलेल्या सुधारणेचे. तिच्यामुळे उतरंडीच्या कडेला एक रिकामे पान राखता येऊ लागले; त्यात कोणी पाऊल टाकले की यंत्र तेथेच थांबते आणि हद्द कोणत्या साखळीने ओलांडली ते सांगते. शेजाऱ्यावर आळ येत नाही.

जागा अपुरी असण्यात अन्याय नाही. एका खणात संसार केलेल्या घरांतून आलेल्या आपल्या मंडळींना हे ठाऊकच आहे. म्हणून नव्या मुलांना शिकवताना आम्ही किलोबाइटचा आकडा मागाहून सांगतो. नोंदीत ज्याचे नाव आले, त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या शेजारी कोण राहतो ते पाहून या, हे आधी.