तात्यापाऱ्याहून पुण्याला: रेल्वेने की रात्रीच्या बसने?

रायपूरचा तात्यापारा तुम्ही पाहिला नसेल, तरी नावावरून ओळख पटेल. तात्या आपला, आणि पारा म्हणजे छत्तीसगडीत मोहल्ला. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल इकडे आला आणि त्याच्या मागोमाग मराठी कुटुंबंही आली. आज इथल्या अनेक घरांतली लेकरं पुण्या-मुंबईला, सासर-माहेर नागपूरला. त्यामुळे दिवाळी जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न: गाडी की ट्रॅव्हल्स?

आधी नागपूर. रेल्वेने अंतर तीनशे किलोमीटर, वेळ पाच तासांच्या आसपास, आणि स्लीपरचं तिकीट अडीचशेच्या आत. ‘वंदे भारत’ डिसेंबर 2022पासून आहे, छान आहे, पण ती स्वस्तात मोडत नाही. इथे रात्रीच्या बसला मला तरी फारसा अर्थ दिसत नाही. झोप लागते न लागते तोच उतरायची वेळ होते. शिवाय 2021 मध्ये बसस्टँड पंडरीहून भाटागावला गेला. स्टेशन त्या मानाने जवळ. रात्री सामानासकट रिक्षाचे किती होतील, तेही तिकिटात धरा.

बसच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी. हावड्याकडून येणाऱ्या गाड्या रायपूरला पोहोचेपर्यंत निम्मी रात्र धावलेल्या असतात आणि उशीर सोबत घेऊन येतात. बस इथूनच सुटते. म्हणून निघण्याआधी 139 वर गाडीची चौकशी करा. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर पूर्ण पैसे परत मागता येतात. गाडी सुटण्याआधी टीडीआर भरायचा, हे बरेच जण विसरतात.

पुण्याचा हिशेब वेगळा. आझाद हिंद एक्सप्रेस सरळ नेते: नागपूर, भुसावळ, मनमाड, दौंड करत एकवीस-बावीस तास. स्लीपरला माणशी सहाशेच्या आसपास. दुसरा मार्ग, नागपूरपर्यंत गाडी आणि पुढे रात्रीची स्लीपर कोच. बसचं भाडं ठरलेलं नसतं. एरवी परवडणारी सीट दिवाळीत दुप्पट-तिप्पट होते. रेल्वेच्या स्लीपरचं भाडं सणातही तेच, फक्त जागा मिळत नाही. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख पक्की असेल तर त्याच सकाळी काढा. राहिलंच तर आदल्या दिवशी अकराला तत्काळ.

घरात आजी असतील तर बस नकोच. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च 2020पासून बंद आहे, हे खरंच खुपतं. पण वय नीट भरलं तर खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते, आणि डब्यात स्वच्छतागृह असतं. मधुमेह असलेल्या माणसाला विचारा, ढाबा येईपर्यंतचे ते दोन तास कसे जातात. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट नाही. बसवाल्याला मात्र आधी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी पैशांत मोजता येत नाही. 1 जुलै 2023च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. 25 जण गेले. म्हणून बसनेच जायची वेळ आली, तर पडदा ओढण्याआधी आपत्कालीन दार कुठे आहे ते बघा, काच फोडायची हातोडी जागेवर आहे का ते बघा, आणि मुलांनाही दाखवा. लांबच्या पल्ल्याला दुसरा चालक आहे का, हे विचारायला लाजू नका.

एकटे असाल, वय पंचविशीचं असेल आणि उद्याच पोहोचायचं असेल, तर बस घ्या की! मुलंबाळं, डबे, लाडवांच्या पिशव्या असतील तर गाडी.

आणि जमल्यास दिवसाची गाडी. डोंगरगडला टेकडीवरचं बम्लेश्वरीचं मंदिर डब्यातूनच दिसतं. पुढे दरेकसाचा बोगदा, मग सालेकसा, आमगाव, गोंदिया. फलाटावरच्या पाट्या मराठी होत जातात, आणि मुलं त्या मोठ्याने वाचायला लागतात.