शिल्लक कोणाच्या ताब्यात?

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा पहिला तास म्हणजे फळ्यावर व्याख्या, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. क्लास, ऑब्जेक्ट, एनकॅप्सुलेशन, इनहेरिटन्स. मुलं त्या पाठ करतात, व्हायवाला धडाधड म्हणूनही दाखवतात. पण ‘याची गरज का पडली?’ असं विचारलं की गप्प होतात. म्हणून पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये मी सुरुवातीला क्लासचं नावही काढत नाही. मुलांचं सी झालेलं असतं. तेवढ्यावरच बँकेच्या खात्यांचा प्रोग्रॅम लिहायला लावते.

सगळे साधारण एकच मार्ग धरतात. नावांचा एक ॲरे, खाते क्रमांकांचा दुसरा, शिलकेचा तिसरा. पैसे भरण्याचं फंक्शन, काढण्याचं फंक्शन. प्रोग्रॅम छान चालतो, मुलं खूश. मग मी सांगते, आता खातेदारांची यादी नावाप्रमाणे लावा. सॉर्टिंग सगळ्यांना येतं, पण बरेच जण फक्त नावांचा ॲरे सॉर्ट करतात आणि शिलकेचा ॲरे जिथल्या तिथे राहतो. स्क्रीनवर एकाची शिल्लक दुसऱ्याच्या नावावर दिसते आणि लॅबभर ‘अरे, हे काय झालं?’ सुरू होतं. हा गोंधळ मला हवाच असतो. एका माणसाची माहिती एकत्र राहिली पाहिजे, हे त्यानंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कुणीतरी आपणहून स्ट्रक्चर सुचवतं.

पण स्ट्रक्चरनं अर्धंच काम होतं. पैसे काढण्याच्या फंक्शनमध्ये ‘शिल्लक पुरेशी आहे का’ ही तपासणी असते. दंड वजा करण्याचं फंक्शन दुसऱ्या कुणाला लिहायला दिलं, तर तो थेट शिलकेतून रक्कम वजा करून मोकळा होतो आणि खातं उणे दोनशेवर जातं. तपासणी आहे, पण ती वाटेतच आली नाही. इथे मी सी प्लस प्लसचा क्लास दाखवते. शिल्लक प्रायव्हेट केली की तीच दंडाची ओळ कंपायलर नाकारतो, प्रोग्रॅम चालायच्या आधीच. ग्रामीण भागातून, मराठी माध्यमातून आलेली एक मुलगी तो एरर वाचून म्हणाली, ‘‘म्हणजे मॅडम, पैसे काढायचे तर खात्यालाच सांगायचं, आपण हात लावायचा नाही.’’ एनकॅप्सुलेशन तिला समजलं होतं, ते नाव कानावर पडण्याआधी.

ही कल्पना मुळात आली कुठून, तेही मी सांगते. नॉर्वेत ओस्लोला क्रिस्टन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल यांना खऱ्या जगातल्या व्यवस्थांचं अनुकरण संगणकावर करायचं होतं. त्यातून ‘सिम्युला ६७’ ही भाषा आली आणि क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स तिच्यात होते. ब्यार्ने स्त्रोस्त्रुप यांनी केंब्रिजला पीएचडी करताना सिम्युला वापरली होती. तिची मांडणी त्यांना आवडली, पण तिचा वेग पुरेना. मग १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी सीमध्येच क्लास आणायला घेतले, तेच पुढे सी प्लस प्लस झालं. खरी अडचण आधी होती, भाषा नंतर आली, हे मुलांना कळलं की विषयाचं दडपण उतरतं.

इनहेरिटन्सला मी कुत्रा-मांजर घेत नाही. कुत्रा भुंकतो, मांजर म्यांव करतं, हे छापून दाखवल्यानं कुणाचं काही अडत नाही आणि सुटतही नाही. आमच्या प्रोग्रॅममध्ये बचत खातं असतंच, शेजारी ओव्हरड्राफ्ट असलेलं चालू खातं आणायचं. दोन्हींतून पैसे काढायचे, नियम मात्र वेगळे. मूळ क्लासच्या पॉइंटरमधून चालू खात्यावर पैसे काढले आणि मूळ फंक्शनला व्हर्च्युअल लिहिलेलं नसलं, तर मूळ क्लासचाच नियम लागतो आणि ओव्हरड्राफ्ट असूनही ‘शिल्लक अपुरी’ येतं. तो एक शब्द घालून मुलं पुन्हा चालवतात, पैसे निघतात. पॉलिमॉर्फिझमची व्याख्या मी त्याच दिवशी जर्नलमध्ये लिहायला सांगते. पुस्तक मिटून, ज्याची त्याची.